चीर

तिच्या दिसण्यापासून सुरुवात करता येत नाही, कारण पहिले दोन-तीन आठवडे ती दिसतच नाही. सूज नाही, काळंनिळं नाही, हाड वाजल्याचा आवाज नाही. पडल्याची आठवण नाही, कुणाचा पाय लागल्याची नाही. हाड मोडलं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अपघात येतो. हिच्या जन्माला अपघात लागत नाही, सराव लागतो. डॉक्टर तिला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. गावाकडे ‘हाडाला बारीक चीर गेलीय’ म्हणतात. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं तर तिचं नावही घेत नाहीत; ‘शिन पेन आहे’ एवढं म्हणतात आणि पळत राहतात. मी तिला चीरच म्हणेन.

माणसं निवडण्यात ती फार चोखंदळ आहे. कामचुकार पोराकडे ती वळूनही बघत नाही. जो पहाटे सगळ्यांच्या आधी मैदानावर येतो, सरांनी चार फेऱ्या सांगितल्या तर सहा मारतो, दुखलं तर दात आवळतो आणि सुट्टीच्या दिवशीही गुपचूप पळून येतो, त्याच्या नडगीत ती मुक्कामाला येते. मैदानावर उभं राहून खेळाडू बघण्यात माझी बरीच वर्षं गेली. ज्या पोरांची नावं मोठ्या अपेक्षेनं घेतली जात होती, त्यांच्यातलीच पोरं तिनं उचलली. मला तिच्याबद्दल लिहावंसं वाटतं ते त्यामुळेच.

तिचा जन्म कसा होतो हे समजून घेतल्याशिवाय तिचा स्वभाव कळत नाही. हाड आपल्याला निर्जीव वाटतं, पण ते सतत झिजत असतं आणि सतत बांधलं जात असतं. प्रत्येक पावलागणिक त्यावर भार येतो आणि त्या भारानं डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म तडे जातात. ते बुजवायला दोन प्रकारच्या पेशी कामाला लागतात. एक प्रकार खराब झालेलं हाड खरवडून काढतो, दुसरा त्या जागी नवं हाड भरतो. गोम अशी की दोघींचा वेग सारखा नाही. खरवडण्याचं काम साधारण तीन आठवड्यांत उरकतं, भरायला तीन-एक महिने लागतात. मधल्या दिवसांत हाड पूर्वीपेक्षा मजबूत नसतं, उलट कच्चं असतं. लोखंडी तार एकाच जागी पुन्हापुन्हा वाकवली तर कुठल्याही एका वाकवण्यात फार जोर नसतानाही ती तुटते; कच्च्या झालेल्या हाडाचंही तसंच होतं. कुठलंही एक पाऊल त्याला मोडत नाही. पावलांची बेरीज मोडते.

आणि नेमक्या याच दिवसांत खेळाडूला आपण कधी नव्हतो इतके तयार आहोत असं वाटत असतं. नवा सराव सुरू करून तिसरा-चौथा आठवडा चाललेला असतो. दम वाढलेला असतो, मांड्या-पोटऱ्या भरलेल्या असतात, घड्याळातली वेळ खाली येत असते. हृदय, फुप्फुसं आणि स्नायू भराभर तयार होतात. हाड मागून सावकाश येतं. पोराला ते अंतर कळत नाही. ‘आता अंगात ताकद आलीय’ म्हणून तो अजून एक किलोमीटर वाढवतो, आणि चिरेला हवी ती जागा मिळते.

सुरुवातीला ती अगदी समंजस वागते. पळून झाल्यावर नडगीच्या आतल्या कडेला थोडं दुखतं, रात्री झोपलं की थांबतं. सकाळी पुन्हा ठीक. आठवड्याभरानं दुखणं पळण्याच्या शेवटच्या टप्प्यात सुरू होतं. मग मधल्या टप्प्यात. मग पहिल्याच फेरीत. त्यानंतर जिना उतरताना आणि शेवटी अंथरुणावर पडल्या पडल्या. ही चढण ओळखायला शिकलं पाहिजे. स्नायूचं दुखणं बहुधा अंग गरम झालं की सैल पडतं आणि दिवसागणिक उतरत जातं. चिरेचं दुखणं उलट्या दिशेनं चालतं. सराव चालू ठेवला तर ते आठवड्या-आठवड्यानं वाढत जातं आणि दर वेळी थोडं आधी सुरू होतं.

आपल्याकडे दुखणं अंगावर काढण्याला मोठा मान आहे. घरात आजीनं अंगावर काढलेलं असतं, बापानं शेतात काढलेलं असतं, मग पोरानं मैदानात का काढू नये? त्यामुळे नडगीला आधी बाम चोळला जातो, मग क्रेप बँडेज गुंडाळलं जातं, मग कुणीतरी मालीशवाला सुचवतो. मालीशवाला नेमका त्या जागेवर अंगठा दाबून रगडतो, पोरगं विव्हळतं, आणि ‘गाठ सुटली’ म्हणून सगळे समाधान मानतात. शेवटी दुखणं थांबवायची गोळी येते. गोळी खाऊन तो पळतो तेव्हा दुखणं थांबलेलं असतं, चीर थांबलेली नसते. तिला आता कुणीच अडवत नाही.

हे सगळं करून झालं की मंडळी एक्स-रे काढायला जातात, आणि इथे ती सगळ्यांना सर्वांत मोठा चकवा देते. एक्स-रे स्वच्छ येतो. पहिल्या काही आठवड्यांत बहुतेकदा त्यात काहीच दिसत नाही. हाड भरायला सुरुवात झाली, बाजूला नव्या हाडाचा थर साचू लागला, की मग त्या चित्रात ती उमटते. म्हणजे एक्स-रेवर तिचा माग दिसतो तो ती येऊन गेल्यावर. पण तालुक्याच्या गावी एक्स-रे हा शेवटचा शब्द असतो. ‘काही नाही, फिल्म क्लिअर आहे’ हे वाक्य पोराच्या विरुद्धचा निकाल ठरतं. वडील म्हणतात, ‘डॉक्टर सांगतायत काही नाही, मग नाटकं कसली?’ सर म्हणतात, ‘मनानं कच्चा आहे.’ पोरगं दुसऱ्या दिवशी पळतं. त्याला स्वतःलाही आपण खोटं बोलतोय की काय असं वाटू लागलेलं असतं. चिरेनं केलेल्या नुकसानीत हे नुकसान मला फार मोठं वाटतं. दुखणाऱ्या माणसाचा स्वतःच्या दुखण्यावरचा विश्वास ती घालवते.

हा चकवा जुना आहे. 1855 साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी शल्यचिकित्सकानं लांब संचलन करून आलेल्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखणाऱ्या पावलांचं वर्णन लिहून ठेवलं. हाड मोडलं असेल हे त्याला कळायला मार्गच नव्हता. हा स्नायूबंधांच्या आवरणाचा दाह असावा असं त्यानं मानलं. रोंटगेनला क्ष-किरणांचा शोध लागला तो 1895 च्या नोव्हेंबरात. पुढे दोन वर्षांत, 1897 साली, श्टेशो या जर्मन लष्करी डॉक्टरनं तसल्याच पावलांची क्ष-किरण चित्रं काढली आणि त्यांत मोडलेली हाडं दिसली. चाळीसहून जास्त वर्षं सैनिक मोडक्या पावलांनी चालत होते आणि ते दुखणं कागदोपत्री दुसऱ्याच नावानं नोंदलं जात होतं. ‘मार्च फ्रॅक्चर’ हे तिचं एक नाव त्या संचलनांवरूनच पडलं.

तिला ओळखायचं कसं, हे मी एका क्रीडावैद्यांच्या खोलीत बसून पाहिलं आहे. समोर आठशे मीटर पळणारी मुलगी, शेजारी तिचे सर, सरांच्या हातात एक्स-रेचं पाकीट. डॉक्टरांनी पाकीट टेबलावर ठेवून दिलं, आणि मुलीला म्हणाले, ‘कुठं दुखतंय ते दाखव बाळ. पण एकाच बोटानं.’ त्या ‘एकाच बोटानं’मध्ये निम्मी तपासणी होती. नुसतीच नडगी भरून आलेली असेल, हाडावरचं आवरण सोलवटलेलं असेल, तर माणूस तळहात फिरवून लांबलचक पट्टा दाखवतो. या मुलीनं तर्जनी नडगीच्या खालच्या एक-तृतीयांश भागात, आतल्या कडेला ठेवली आणि बोट तिथून हललं नाही. डॉक्टरांनी त्याच जागी हलकेच दाबलं. तिनं पाय मागे घेतला. वरच्या बाजूला दोन बोटांवर दाबलं, काही नाही. खाली दाबलं, काही नाही. ‘आता या पायावर उड्या मार.’ तिनं दुसऱ्या पायावर दहा उड्या मारून दाखवल्या. या पायावर एक मारली, दुसरीला उचलण्याआधीच तिचा हात टेबलाची कड शोधू लागला. सर म्हणाले, ‘पण डॉक्टर, एक्स-रे तर नॉर्मल आहे.’ डॉक्टर म्हणाले, ‘एक्स-रे नॉर्मल आहे, पोरगी नाही.’

मग त्यांनी तिला विचारलेले प्रश्न नडगीचे नव्हतेच. गेल्या दोन महिन्यांत सराव किती वाढला? मैदान बदललं का? बूट किती जुने? सकाळी पळून आल्यावर काय खातेस? वजन किती उतरलं? आणि सरांना बाहेर थांबायला सांगून, पाळी नियमित येते का? मुलीनं मान हलवली. चार महिने आली नव्हती. तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सरावाच्या दिवसांत ती नाही आली तर बरंच, असं तिच्याबरोबरच्या मुलींनी तिला सांगितलं होतं.

एमआरआयमध्ये मात्र चीर लपू शकत नाही. त्या काळ्या-करड्या चित्रात निरोगी हाडाचा गाभा काळसर असतो. जिथे हाड ताणानं खंगतंय तिथे पाणी साचतं आणि ती जागा पांढरीशुभ्र उजळून येते. चीर पडलेली असेल तर त्या पांढऱ्यात एक बारीक काळी रेघ दिसते. चीर पडण्याआधीच हा पांढरेपणा येतो, आणि त्याच टप्प्यावर पकडलं तर काही आठवड्यांच्या विश्रांतीत हाड सावरतं. रेघ उमटली की हिशोब महिन्यांचा होतो.

हेच कळल्यामुळे वेगवान गोलंदाजांच्या पाठीची एमआरआय तपासणी दुखण्याची वाट न बघता करण्याची पद्धत मोठ्या संघांत आली. वेगवान गोलंदाजाची पाठ हे चिरेचं आवडतं घर. उजव्या हातानं टाकणारा असेल तर ती बहुतेकदा कमरेच्या खालच्या मणक्यांत, डाव्या बाजूला सापडते. चेंडू सुटताना पुढचा पाय जमिनीवर आदळतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार उलटा वर येतो, त्याच क्षणी कणा मागे ताणलेला असतो, बाजूला झुकलेला असतो आणि वळतही असतो. हे तिन्ही एकत्र येऊन मणक्याच्या मागच्या कमानीतल्या एका अरुंद भागावर पडतं. षटकात सहा वेळा. वयाची विशी ओलांडेपर्यंत तो भाग पुरता पक्का झालेला नसतो, म्हणून कोवळी पोरं तिला जास्त सापडतात.

ऑस्ट्रेलियाचा पॅट कमिन्स हे त्याचं ठळक उदाहरण. 2011 च्या नोव्हेंबरात जोहान्सबर्गला, अठराव्या वर्षी, त्यानं पहिल्या कसोटीच्या दुसऱ्या डावात 79 धावांत 6 बळी घेतले आणि विजयी धावही काढली. त्याची दुसरी कसोटी झाली 2017 च्या मार्चमध्ये, आपल्या रांचीला. मधली सव्वापाच वर्षं मुख्यतः पाठीतल्या चिरांनी खाल्ली. एवढा काळ तो टिकला, कारण त्याच्या पाठीशी एका श्रीमंत क्रिकेट मंडळाची वैद्यकीय व्यवस्था होती आणि त्याला थांबू देणारी माणसं होती. ती नसती तर आज त्याचं नाव एका कसोटीपुरतं उरलं असतं.

त्याच्याही आधी त्याच्याच देशाचा डेनिस लिली. 1973 च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात त्याच्या कण्यात चिरा सापडल्या. कमरेभोवती प्लास्टर घालून त्यानं आठवडेच्या आठवडे काढले. पुढे पर्थच्या विद्यापीठातल्या फ्रँक पाइक यांनी त्याच्यासाठी व्यायामाचा कार्यक्रम बांधला, लिलीनं तो काटेकोर पाळला, आपली शैली थोडी बदलली आणि 1974-75 च्या अ‍ॅशेस मालिकेत येऊन 25 बळी घेतले. थांबला तेव्हा त्याच्या नावावर 355 कसोटी बळी होते. म्हणजे चीर हा शेवट नाही, हे पन्नास वर्षांपूर्वीच सिद्ध झालेलं आहे. फक्त तिला हवा तेवढा वेळ द्यावा लागतो आणि तो वेळ मोजून द्यावा लागतो.

जसप्रीत बुमराहच्या पाठीतली बारीक चीर 2019 च्या सप्टेंबरात सापडली ती एका नेहमीच्या रेडिओलॉजी तपासणीत. त्याला दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या मायदेशातल्या कसोटी मालिकेतून बाहेर बसवलं आणि 2020 च्या जानेवारीत तो परत आला. लोक हळहळले. मला मात्र त्या बातमीत समाधानाची गोष्ट दिसली होती. भारतीय क्रिकेटमध्ये एखादी चीर तिनं दार तोडण्याआधी सापडली होती. 2022 मध्ये ती जागा पुन्हा उठली, त्याचा ऑस्ट्रेलियातला टी-ट्वेंटी विश्वचषक हुकला, 2023 च्या मार्चमध्ये न्यूझीलंडला शस्त्रक्रिया झाली आणि ऑगस्टमध्ये आयर्लंडला तो संघाचा कर्णधार म्हणून मैदानात उतरला. एकदा राहून गेलेली चीर त्या हाडाचा पत्ता विसरत नाही.

बुमराहची षटकं मोजायला माणसं आहेत. मुंबई-पुण्याच्या शालेय क्रिकेटमधल्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोराची कोण मोजतं? सकाळी शाळेच्या संघाचा सामना, दुपारी क्लबचं नेट, शनिवार-रविवारी निवड चाचणी, सुट्टीत शिबिर. प्रत्येक सर आपल्यापुरती षटकं मोजतात आणि आपल्यापुरते बरोबर असतात. बेरीज कुणीच करत नाही. पोराची पाठ दुखते तेव्हा ‘उंची वाढतेय, दुखणारच’ असं म्हणून विषय संपतो. खरं तर वाढत्या वयातल्या वेगवान गोलंदाजाची कमरेच्या एका बाजूचं दुखणं, मागे वाकल्यावर वाढणारं, हे चिरेचं नाही असं सिद्ध होईपर्यंत ते चिरेचंच आहे असं धरून चालायला हवं. एक वही, तिच्यात तारीख आणि टाकलेले चेंडू, आणि ती वही सगळ्या सरांना दाखवणारे आई-वडील, एवढ्यानंही पुष्कळ काम होईल.

चिरेचा स्वभाव सगळीकडे सारखा नसतो. नडगीच्या आतल्या कडेची, पावलाच्या मधल्या लांब हाडांतली चीर तशी ऐकणारी आहे. धावणं थांबवलं की महिना-दोन महिन्यांत निमूट जाते. पण काही जागी ती हट्टी होते. नडगीच्या पुढच्या कडेला ती आडवी काळी रेघ होऊन बसते आणि महिनोन्महिने हलत नाही. पावलाच्या कमानीच्या माथ्यावर नॅव्हिक्युलर नावाचं छोटं हाड आहे, त्याच्या मध्याला रक्तपुरवठाच तोकडा, तिथे ती भरता भरत नाही. या हाडात गेलेल्या चिरेला पाय सहा-आठ आठवडे जमिनीला टेकवूसुद्धा देत नाहीत. आणि सर्वांत घातकी जागा म्हणजे मांडीच्या हाडाची मान, खुब्याजवळची. तिथे दुखतं जांघेत, कधी तर गुडघ्यात. जांघ आखडली असेल म्हणून पोराला ताण द्यायला लावतात, आणि एके दिवशी तो पळता पळता कोसळतो. वरच्या कडेची चीर असेल तर हाड सरकतं, खुब्याच्या गोळ्याचं रक्त तुटतं आणि विशीतल्या पोरावर खुबा वाचवण्याची शस्त्रक्रिया करायची वेळ येते. लांब पळणाऱ्या माणसाच्या जांघेत भार टाकल्यावर दुखतंय, एवढी एकच गोष्ट त्याला त्याच दिवशी थांबवायला पुरेशी आहे.

चिरेसकट खेळून जिंकलेल्यांच्या कथा मात्र आपण चवीनं सांगतो. 2008 साली गोल्फपटू टायगर वूड्सनं डाव्या नडगीत दोन चिरा आणि गुडघ्यात तुटलेला अस्थिबंध घेऊन यू. एस. ओपन जिंकली. प्लेऑफ धरून एकूण 91 होल तो त्या पायावर चालला. पराक्रम आहेच. पण त्यानंतर लगेच गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि त्याचा उरलेला हंगाम गेला, हे सांगताना आवाज खाली येतो. त्याच वर्षी मॅरेथॉनची तेव्हाची विश्वविक्रमवीर पॉला रॅडक्लिफ मांडीच्या हाडातली चीर भरते न भरते तोच बीजिंग ऑलिम्पिकला उभी राहिली. तयारीला महिने मिळाले नव्हते. तेविसावी आली. तिच्यासारखी जिद्द कमी माणसांत असते. पण चीर जिद्दीला भीत नाही, आणि मुलांना या गोष्टी सांगताना दोन्ही निकाल सांगितले पाहिजेत.

आता त्या मुलीच्या पाळी न आलेल्या चार महिन्यांकडे परत यायला हवं, कारण चिरेची मुळं कित्येकदा पायात नसतात, ताटात असतात. जेवढं पळणं आहे तेवढं खाणं नसेल, तर शरीर आधी जगण्यापुरतं राखून ठेवतं आणि बाकीची कामं थांबवतं. मुलींमध्ये पाळी बंद होते. तिच्याबरोबर हाडाला जपणारं संप्रेरकही उतरतं. मुलग्यांतही संप्रेरकं उतरतात, फक्त पाळीसारखी खूण त्यांच्याकडे नसते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं 2014 साली या अवस्थेला एक नाव देऊन तिची लक्षणं मांडली, 2023 मध्ये ती सुधारून पुन्हा मांडली. मैदानावर हे पोचलेलं नाही. वजन उतरलं की वेळ उतरते, हा हिशोब काही महिने खरा ठरतो आणि मग हाड त्याचा हिशोब चुकता करतं. हाडाची ताकद साठवायचं वय विशीच्या मागेपुढेच असतं. त्या वयात गेलेलं हाड पुढे पुरतं भरून येत नाही. पाळी चुकणं ही धावपटू मुलीची सोय नाही. ती पहिली सूचना आहे, आणि ती ऐकू यायची असेल तर मैदानावर मुलीला मोकळेपणानं बोलता येईल अशी एखादी ताई असायला हवी.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती भरतीच्या पोरांची. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत शारीरिक चाचणी 50 गुणांची. त्यातले 20 मोठ्या धावेचे, मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. सैन्य भरतीतही धाव आहेच. भरती निघणार अशी कुणकुण लागली की सांगली-साताऱ्यापासून बीड-लातूरपर्यंत पहाटेचे डांबरी रस्ते पोरांनी भरतात. सहा महिने पुस्तकात डोकं घालून बसलेलं पोरगं एका आठवड्यात सकाळ-संध्याकाळ पळायला लागतं. बूट झिजलेले, काहींचे दुसऱ्याचे. खोली करून चौघं राहतात, मेसचा डबा दोघांत वाटून घेतात. घरून पैसे उसनवारीनं आलेले असतात. अशा पोराला नडगी दुखते हे सांगायची चोरी होते. तो सरांना सांगत नाही, मित्राला सांगतो. मित्र म्हणतो, ‘भावा, सगळ्यांचीच दुखतेय, पळ.’ ते खरंही असतं, सगळ्यांची दुखते. त्या सगळ्यांच्या दुखण्यात एकाची चीर बेमालूम मिसळून जाते. पुढे ग्राउंडच्या दिवशी शेवटच्या फेरीत तो लंगडत बाजूला होतो आणि एका वर्षाची तयारी तिथंच मैदानाच्या कडेला बसते.

यात लाखो रुपयांची यंत्रं लागत नाहीत. पळण्याचं अंतर एकदम दुप्पट न करता आठवड्या-आठवड्यानं थोडं वाढवणं, मधे एक हलका आठवडा ठेवणं, शक्य तिथं डांबर सोडून मातीवर पळणं, डब्याला चार दाणे शेंगदाणे-फुटाणे आणि दुधाची जोड देणं, हे परवडणारं आहे. चीर गेलीच तर धावणं थांबतं, तयारी थांबत नाही. सायकल चालते, गोळाफेक बसून शिकता येते, पोहायला विहीर आहे. चालताना अजिबात दुखत नाही आणि दाबल्यावर दुखत नाही, असं झाल्यावर आधी चालणं, मग चालण्यात मिसळून थोडं पळणं, असं परत यायचं असतं. या क्रमात उडी मारणाऱ्याला ती पुन्हा गाठते.

पोरांना पळवणाऱ्या सगळ्या सरांना आणि ताईंना माझी कळकळीची विनंती आहे. दर आठवड्याला एकदा पोरांना रांगेत उभं करून विचारा, दुखतंय का, आणि एका बोटानं दाखवायला सांगा. ज्याचं बोट हाडावर एकाच जागी थांबेल त्याला त्या दिवसापासून पळवू नका. त्याला डॉक्टरकडे पाठवा. एक्स-रे स्वच्छ आला तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा काढा, आणि जिल्ह्याच्या गावी एमआरआय होत असेल तर तो करून घ्या. दुखतंय म्हणून सांगायला आलेल्या पोराला चारचौघांत कच्चा म्हणू नका.